एक जुलैच्या दोघी

माझी शेवटची ड्रिप होऊन आता वर्ष होत आलं. केस परत आले, तेही कुरळे. आमच्या सात पिढ्यांत कोणाचे कुरळे केस नव्हते. डे-केअर वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "मॅडम, आप लिखिए ना, नए मरीज़ों को हिम्मत मिलेगी." मी हो म्हटलं. हिंमत देण्याइतकी मी शूर नाही, हे तिला माहीत नव्हतं. आजारपणात मी काय केलं आणि काय करायचं टाळलं, ते सांगते. त्यातून कोणाला हिंमत मिळाली तर आनंदच आहे.

हाराचा हूक

सदर बाजारात हार पाहायला गेलो होतो. माझी मुलगी रुची, तिचं लग्न ठरलेलं नव्हतं आणि ठरेल असं लक्षणही नव्हतं, पण माझे यजमान अशोक यांना दुकानं पालथी घालायची हौस. रुची फोनमधून डोकं वर काढत नव्हती, म्हणून हार माझ्या गळ्यात घालून पाहायचं ठरलं. दुकानातल्या मुलीनं हूक लावता लावता हात थांबवला.

"दीदी, यहाँ गाँठ है क्या?"

मी म्हटलं, "हार देख तू."

घरी येऊन आरशात पाहिलं. डाव्या बाजूला, कानाखाली, बोराएवढी गाठ होती. दाबली तर दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी खूश झाले, यावरून माझं वैद्यकीय ज्ञान कळावं.

आणि मी आरोग्य खात्यात काम करते! नवा रायपूरच्या एका कार्यालयात. आमचं काम एका वाक्यात सांगायचं तर, वेगवेगळ्या दवाखान्यांचे संगणक एकमेकांशी बोलते करायचे. रायपुरात तपासलेलं रक्त बस्तरच्या डॉक्टरलाही दिसलं पाहिजे, बाईला फायलींची पिशवी घेऊन फिरावं लागू नये. दिल्लीची संस्था नियम करते, सरकारी दवाखाने, खासगी दवाखाने, लॅबवाले, विमेवाले आणि सॉफ्टवेअर कंपन्या त्या नियमांवरून भांडतात, आणि राज्यातली भांडणं मिटवायला आम्ही. मला हे काम मनापासून आवडायचं. अजूनही आवडतं.

तेलीबांध्याला आमच्या घराजवळच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढला. तो शहरातल्या एका मोठ्या लॅबमध्ये गेला आणि सहाव्या दिवशी रिपोर्ट थेट माझ्या फोनवर आला. साधी सूज आहे, काळजीचं कारण नाही. खरं सांगते, काय आलं यापेक्षा कसं आलं याचाच मला जास्त आनंद झाला. अशोकनी पेढे आणून शेजारी वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर "असेच" म्हणाले.

चार दिवसांनी फोन पुन्हा वाजला. नवीन रिपोर्ट आला आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. मी उघडला नाही. एकच कागद दोनदा येतो, ही तक्रार आमच्या टेबलावर रोज यायची. मला वाटलं, हाही त्यातलाच. दुसरी कोणती साधी बाई असती तर तिनं घाबरून उघडला असता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

"ये दोनों आपके हैं?"

महिनाभरात अंगात बारीक ताप राहायला लागला. ब्लाउज सैल झाले. गाठीशेजारी दुसरी गाठ आली. अशोक मला ओढतच दुसऱ्या दवाखान्यात, कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी माझा आरोग्य क्रमांक टाकला आणि पडद्यावरच्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या.

"आपको सिकल है?" सिकल म्हणजे रक्ताचा सिकलसेल आजार.

"नाही."

"दो सिज़ेरियन हुए हैं?"

"एक ही बेटी है. नॉर्मल."

"भनपुरी में रहती हैं?"

"तेलीबांधा."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. एकाच नावाखाली दोन रिपोर्ट होते. दोन्ही मानेच्या गाठीचे, दोन्ही त्याच लॅबचे. जुना सांगत होता, काही नाही. वरचा, ताजा, सांगत होता की गाठींचा कॅन्सर आहे.

"ये दोनों आपके हैं?"

नव्हते. एक माझा होता आणि एक भनपुरीच्या शोभा मेश्रामचा. माझंही नाव शोभा मेश्रामच. आणि आम्हाला एक कोणी केलं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात सगळ्या संस्थांची बैठक झाली होती. एकाच रुग्णाची पाच-पाच खाती निघत, ती जोडायची कशी, हा प्रश्न होता. नियम मी मांडला. नाव, लिंग, जन्मतारीख, मोबाईल. चारातले तीन जुळले तर माणूस एकच धरा. नवऱ्याचं किंवा बापाचं नाव यादीतून काढायलाही मीच लावलं. बाईची ओळख बाईच्याच नावानं झाली पाहिजे, असं मी ठणकावून सांगितलं होतं, आणि ते मला आजही बरोबर वाटतं.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. लॅबमध्ये नमुन्यांची नोंद करणारे साहूजी, निवृत्तीला आलेले. म्हणाले, "मैडम, हमारे रजिस्टर में तो आधा शहर एक जुलाई का पैदा है."

सगळे हसले. मीही हसले आणि पुढचा विषय घेतला.

मी स्वतः एक जुलैची आहे. आई सांगायची, मी थंडीत झाले, शेकोटीजवळ. पण भंडाऱ्याकडच्या आमच्या शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, तारीख माहीत आहे का? बाबा म्हणाले, नाही. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं एक जुलै लिहिली आणि साल उंचीवरून ठरवलं. त्या वर्गातली सगळी पोरं एकाच दिवशी जन्मलेली. विदर्भातून रेल्वेत, कारखान्यात नोकरीला आलेल्या आमच्या लोकांत मेश्राम काही कमी नाहीत, शोभा तर प्रत्येक गल्लीत. हे सगळं ठाऊक असलेली त्या बैठकीत मी एकटीच होते. आणि नियम मीच केला.

अर्धी आशा

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लॅबकडून गाठीच्या तुकड्यांच्या काचा मागवून पुन्हा तपासू, पाच-सहा दिवस लागतील. भनपुरीच्या बाईच्या दवाखान्यालाही मेल करते. त्यांनी माझ्यासमोर मेल केला. अशा मेलचं काय होतं, हे मला पुरतं माहीत होतं. तो अशा पत्त्यावर जातो, जो कोणीच उघडत नाही.

आता ते दोन दिवस.

साहूजींना विचारलं तर उत्तर एका तासात मिळेल, हे मला पहिल्या दिवशीच सुचलं होतं. मनाई असतानाही ते कागदी रजिस्टर ठेवतात, हे मला ठाऊक होतं; त्याबद्दल मीच त्यांच्या लॅबला पत्र पाठवलं होतं. शिवाय त्या शोभाच्या नोंदीत एक मोबाईल नंबर होता. तो मी दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला.

कारण जोवर कळत नव्हतं तोवर माझ्याकडे अर्धी आशा होती. दोघींपैकी एकीला आहे. मी बाथरूममध्ये नळ सोडून आरशासमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात नाही, ओठ हलवून म्हटलं, तिचा असू दे. जिचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं तिचा. तिला सिकल आहे, दोनदा पोट फाडून झालेलं आहे, तिला सोसायची सवय असेल, असलं घाणेरडं गणितसुद्धा मी केलं. रविवारी विहारात जाऊन बसले. सगळ्यांचं मंगल होवो, असं सगळ्यांबरोबर म्हणताना माझी जीभ अडखळली.

घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. रुची म्हणाली, "मम्मी, प्लीज़ कुछ खा लो." मी तिच्यावर खेकसले. अशोक रेल्वेत तिकीट तपासनीस. दिवसभर लोकांशी वाद घालून आलेला माणूस घरी गप्प असायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं,

"तू त्या बाईले फोन काहून नाही लावून राहिली?"

"लॅबचं येऊ द्या आधी."

"तिले काय सांगतलं असन दवाखान्यानं? वरचा कागद कोणता आहे?"

वरचा कागद कॅन्सरचा होता. दवाखान्यात वरचाच वाचतात. म्हणजे रोग माझा असला, तर तो त्यांनी तिला सांगितला होता. हे मला सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी ते सुचू दिलं नव्हतं.

"चल," अशोक म्हणाले, "मी गाडी काढतो."

साहूजींचं रजिस्टर

साहूजींनी मला ओळखलं. उठून उभे राहिले, म्हणून मला आणखीच लाज वाटली. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी कपाटातून लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत एका पानावर थांबले. दोन ओळी, एकाच आठवड्यातल्या.

शोभा मेश्राम, पति देवानंद, गला दायाँ.

शोभा मेश्राम, पति अशोक, गला बायाँ.

नवऱ्याचं नाव आणि मानेची बाजू, तिची उजवी, माझी डावी. संगणकातल्या कागदावर दोन्ही नव्हतं. एक मी काढलं होतं, दुसऱ्याबद्दल तीन कंपन्यांचं एकमत झालं नाही म्हणून तो रकानाच गाळला होता. साहूजींनी ओळीपुढचा नमुना क्रमांक रिपोर्टांच्या जुन्या छापील प्रतींशी ताडून पाहिला. मग चष्मा काढला.

"मैडम, बैठ जाइए."

मी बसले नाही. "खराब वाला मेरा है?"

"जी."

कॅन्सर झाल्याचं लोकांना डॉक्टर सांगतात, खुर्ची देतात, पाणी देतात. मला एका रजिस्टरानं सांगितलं, काउंटरसमोर, शेजारी एक माणूस लघवीची बाटली घेऊन उभा असताना. अशोकनी माझा दंड घट्ट धरला. रडू आलं नाही. मी त्या पानाचा फोटो काढून घेतला. माझ्या डोक्यात भनपुरीचा नंबर फिरत होता. आता तो लावायला काही हरकत उरली नव्हती.

फोन एका मितानिनीनं उचलला. मितानिन म्हणजे पाऱ्यातली, वस्तीतली आरोग्यसेविका.

"हव दीदी, नंबर त मोर आय. शोभा दीदी तिर फोन कहाँ हे? मय अपनेच नंबर लिखाय रहेंव." ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या नोंदीत ती स्वतःचाच नंबर देत असे.

"ती कुठं आहे?"

"ओ तो बिहनिया ले अस्पताल गे हे. आज ओखर पहिली सुई हे."

पहाटेच गेली होती. आज तिची पहिली केमो होती.

खुर्ची

तिच्या दवाखान्याचा फोन वाजत राहिला. एकदा उचलला तेव्हा सांगितलं, रेकॉर्ड विभागाला लिहून पाठवा. तेलीबांध्याच्या चौकात सिग्नल लागला आणि आयुष्यभर लोकांना नियम सांगणाऱ्या अशोकनी तो तोडला.

डे-केअरमध्ये निळ्या खुर्च्यांची रांग होती. मी दारातूनच ओरडले, "शोभा मेश्राम!" तिसऱ्या खुर्चीतल्या बाईनं दचकून पाहिलं. काळीसावळी, बारीक, माझ्याच वयाची. हातात सुई लागलेली, वर सलाईनची बाटली. शेजारी दुसरी बाटली तयार होती, काळ्या पिशवीत झाकलेली.

"ये दवा मत लगाइए," मी सिस्टरला म्हटलं. "रिपोर्ट इनका नहीं है."

"आप कौन?"

"शोभा मेश्राम."

सिस्टरनं माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. संगणकात पाहून म्हणाली, नाव बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, सगळं जुळतंय. "सिस्टम में तो सही दिखा रहा है, मैडम."

तिचं काय चुकलं? तिनं तेच केलं, जे आम्ही तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. माझ्या पर्समध्ये ओळखपत्र होतं, ते काढून रुबाब दाखवता आला असता. पण हात तिकडे गेलाच नाही. मी ओढणी बाजूला केली, मान वाकडी केली आणि डाव्या बाजूचा व्रण दाखवला. मग त्या बाईपाशी गेले. "बाई, पदर काढा जरा." तिचा व्रण उजवीकडे होता. मी फोनमधला रजिस्टराचा फोटो सिस्टरपुढे धरला.

"कॅन्सर डाव्या मानेत आहे," मी म्हटलं. "तो मला आहे. यांना नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं ते तिथं, त्या खुर्च्यांसमोर. मग मात्र मी तिथंच जमिनीवर बसले. सिस्टरनं आधी सलाईन बंद केलं, मग डॉक्टरांना बोलावलं, मग मला पाणी दिलं. क्रम अगदी बरोबर होता. दुपारपर्यंत दोन्ही दवाखाने आणि लॅब फोनवर एकमेकांशी बोलले, आणि तिच्या हातातली सुई काढली.

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्याच्या खांद्याला धरून हुंदके देत ती निघून गेली.

पोहे

दहा दिवसांनी मी तशाच एका निळ्या खुर्चीत होते. उपचाराबद्दल फार लिहीत नाही, ते ज्याचं त्याला भोगावं लागतं. चवीचं मात्र सांगते. तोंडात दिवसभर गंजलेल्या खिळ्याची चव. रुचीनं इंटरनेटवर पाहून केलेली सूपं मी बेसिनमध्ये ओतायचे आणि ती दाराआड रडायची. अशोकनी नमस्कार-चमत्कार न करता डोक्याला वस्तरा लावून दिला. म्हणाले, "गोल आहे चांगलं." मी इतकी हसले की सुईची जागा दुखली.

दुसऱ्या ड्रिपला ती आली. दारात उभी, हातात कापडी पिशवी.

"ताई, मी शोभा. भनपुरीची. पोहा मिलमधी काम करतो मी. हे पोहे आहेत, ताजे. नुसते भाजून खा, पोटात राहतात."

राहिले. तीन आठवड्यांत पोटात टिकलेलं ते पहिलं अन्न. त्यानंतर दर ड्रिपला ती आली. एक दिवसाची मजुरी बुडवून यायची, खुर्चीशेजारी स्टुलावर बसायची, फारसं बोलायची नाही. मी समजले, उपकार फेडायला येते. मला ते सहन होईना. जिच्या अंगात हा रोग असावा म्हणून मी ओठ हलवले होते, तिच्या हातचे पोहे मी खात होते.

मधल्या काळात डोक्याला स्कार्फ बांधून मी एका बैठकीला गेले. तिथं साहूजींना पहिल्या रांगेत बसवलं आणि त्यांना पाहिजे तितकं बोलू दिलं. तीन जुळले की जोडा, हा नियम रद्द झाला. आता नोंदी जोडण्याआधी माणूस माणसाला विचारतो. वेळ लागतो, कंपन्या कुरकुरतात. कुरकुरू देत.

शेवटच्या ड्रिपच्या दिवशी, आमचा नंबर यायचा होता, तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. अर्धी आशा, कापलेले फोन, आरशासमोरचं वाक्य, तिच्या सिकलचं मी केलेलं गणित. "दोन दिवस मी गप्प बसले, शोभा. आणखी एक तास गेला असता तर ते औषध तुझ्या अंगात असतं."

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मला वाटलं, आता उठून जाईल. जावंच तिनं.

"तुमाले वाटते मी काहून येऊन राहिली?" तिनं विचारलं.

"मी वाचवलं म्हणून?"

"नाही जी." तिनं मान खाली घातली. "त्या दिवशी तुमी म्हटलं, का रोग मले आहे, हिले नाही. तवा मले इतका आनंद झाला ताई, इतका आनंद झाला! तुमी तिथंच खाली बसल्या होत्या. मी पाह्यलं. अन् मनात म्हटलं, हे मरो का जगो, मी सुटली. उठवाले हात बी नाही देला तुमाले. घरी गेली तं देवानंद म्हणे, त्या बाईचं काय झालं असन? त्या दिवसापासून घास नाही उतरला मले." तिनं पदरानं डोळे पुसले. "म्हणून येऊन राहिली."

मी तिचा हात धरला. पोहे भाजून, पाखडून खरबरीत झालेला हात.

सिस्टरनं आतून हाक मारली, "शोभा मेश्राम!"

आम्ही दोघी उठलो.

"जन्म तारीख?"

"एक जुलै," दोघी एकदमच म्हणालो.

सिस्टर कागद ठेवून बाहेर आली. तिनं माझा स्कार्फ बाजूला केला, डाव्या मानेवरचा व्रण बोटानं चाचपला आणि मला आत घेऊन गेली. शोभा पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बसून राहिली.